कोळ्याचा कोपरा आणि नागपूरचा मे महिना

गेल्या काही दिवसांत टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळणाऱ्यांचे, पाळायच्या बेतात असलेल्यांचे आणि घरात दुसऱ्या कोणी पाळला म्हणून धास्तावलेल्यांचे बरेच प्रश्न आले. बहुतेकांना एकच विचारायचं आहे: या कोळ्याच्या देखभालीसाठी घरात वेगळी जागा करावी का, आणि केली तर कशी? करावीच. जेवणाच्या टेबलावर कोळ्याचा डबा उघडायची सवय लागली की कधी ना कधी घात होतो. निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

मनीषनगरला सगळ्यात वरच्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. मेक्सिकन रेडनी जातीच्या टॅरंटुलाचं पिल्लू आणलंय. हॉल, बेडरूम की बंद केलेली गॅलरी, कुठे ठेवू? घरी कूलर आहे, एसी नाही.

गॅलरी आधी बाद करा. काचा लावून बंद केलेली गॅलरी एप्रिलपासून भट्टी होते. कोळ्याचा डबा म्हणजे त्या भट्टीतली आणखी एक लहान भट्टी. ऊन थेट पडलं तर अर्ध्या तासातही जीव जाऊ शकतो.

रेडनीला २२ ते २८ अंश मानवतं. तिशीच्या थोडं वर गेलं तरी चालून जातं, पण ३५ च्या पुढे काळजी सुरू होते. मेक्सिकोतही ऊन कडक असतं, मग नागपुरात काय बिघडलं, असं काही जण विचारतात. तिथे तो बिळात असतो. वर रान तापलेलं असताना हात-दोन हात खाली माती गार असते. तुमच्या डब्यात चार बोटं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आहे, त्याने कुठे पळायचं?

म्हणून जागा ठरवण्याआधी एक काम करा. कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा साधा डिजिटल थर्मामीटर आणा आणि आठवडाभर तो तीन-चार ठिकाणी फिरवून आकडे लिहून ठेवा. वरच्या मजल्यावर स्लॅबची धग रात्री उशिरापर्यंत खाली उतरत राहते, त्यामुळे एकाच भिंतीवर माळ्याजवळ आणि जमिनीजवळ वेगवेगळे आकडे दिसतील. डबा मांडणीच्या, म्हणजे कप्प्यांच्या रॅकच्या, खालच्या कप्प्यात ठेवा आणि मांडणी घराच्या आतल्या भिंतीला लावा, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर. माझा ठोकताळा असा की ज्या खोलीत मे महिन्यात तुम्हाला दुपारची झोप लागते, त्या खोलीत कोळीही सुखाने राहतो. बहुधा ती तुमची कूलरची खोलीच असेल.

कूलर चांगला. आपली उन्हाळ्यातली हवा इतकी कोरडी असते की गवत बदललेला कूलर खोली सहज दहा अंशांनी उतरवतो. पण झोत डब्यावर येऊ देऊ नका. टॅरंटुलाची नजर अधू असते. पायांवरच्या बारीक केसांनी तो हवेची हालचाल ओळखतो. सतत झोत म्हणजे त्याच्या लेखी सतत कोणीतरी अंगावर येत असतं. कूलरच्या टाकीत फिनाईल, अत्तर किंवा डासांचं औषधही घालू नका.

आता नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, आणि त्यातच वीज गेली तर. एका मे महिन्यात दुपारी वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही. मी घरी परतलो तेव्हा खोलीत ३९ अंश होते आणि एक कोळी पाय पोटाखाली मुडपून बसला होता, मूठ अर्धवट मिटावी तसा. मोडलेल्या माठाचा खालचा भाग घरात होता. त्यात वीट ठेवून वर डबा ठेवला, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं. कोळ्याला मऊ ब्रशने अलगद सरकवून त्याचं तोंड पाण्याच्या उथळ झाकणावर टेकवलं. त्याची फुफ्फुसं पोटाच्या खालच्या बाजूला असतात, तिथे पाणी लागू द्यायचं नाही, फक्त तोंड. तासाभराने एक पाय हलला, रात्री तो स्वतःहून कोपऱ्यात गेला. तेव्हापासून तो अर्धा माठ मांडणीच्या खालीच ठेवलेला असतो.

गोणपाट नेहमी माठाला बांधा. डब्यालाच ओलं कापड गुंडाळलं तर हवेची भोकं बुजतात. आणि हा उपाय मे महिन्याच्या कोरड्या हवेतलाच आहे. पावसाळ्यातल्या दमट उकाड्यात ओल्या गोणपाटाने काही होत नाही, तेव्हा थर्माकोलच्या पेटीत डबा आणि त्याला न चिकटता बर्फाची बाटली ठेवा.

थंडीची फार चिंता करू नका. डिसेंबर-जानेवारीत बाहेर पारा दहाच्या आसपास गेला तरी खिडक्या बंद असलेल्या घरात तेवढा उतरत नाही. कोळी खाणं कमी करतो, इतकंच. डब्याखाली हीटिंग पॅड अजिबात लावू नका. गरम झालं की तो सवयीने खाली खणतो, आणि खालीच तापलेलं असतं.

डासांमुळे आमच्याकडे रोज संध्याकाळी लिक्विडचं मशीन लागतं. कोळ्याला चालेल का? (महाल)

नाही. या एका बाबतीत मी तडजोड करत नाही. मशीन, कॉइल, अगरबत्तीसारख्या काड्या, स्प्रे, खडू, यांत बहुतेक पायरेथ्रॉइड नावाच्या गटातली कीटकनाशकं असतात. ती डासाच्या मज्जासंस्थेवर काम करतात आणि कोळ्याची मज्जासंस्था त्याला अपवाद नाही. विषबाधा झालेला कोळी झटके देत, अडखळत चालतो, पाय एकमेकांत अडकतात. त्यावर उतारा नाही.

डेंग्यूच्या दिवसांत घरच्यांना डासांच्या तोंडी द्या, असं मी म्हणणार नाही. खिडक्यांना जाळी मारून घ्या, मच्छरदाणी लावा, बॅट वापरा. धूरफवारणीची गाडी गल्लीत आली की खिडक्या लावून दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबा, आणि वास पूर्ण गेल्याखेरीज उघडू नका. सोसायटीची पेस्ट कंट्रोल असेल तर डबे दोन-तीन दिवस मित्राकडे हलवा.

हातांचंही पाहा. डास पळवणारं मलम लावलेल्या हाताने डबा उघडू नका. घरात कुत्रा असेल आणि त्याच्या मानेवर गोचिडांचं औषध टाकलं असेल, तर त्याला कुरवाळून थेट कोळ्याकडे जाऊ नका. आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवा.

कामाच्या टेबलावर नेमकं काय काय असावं? यूट्यूबवर पाहून खूप सामान घेतलं, निम्मं पडून आहे.

पडून राहू द्या. माझ्या टेबलावर बारा इंची चिमटा आहे, मऊ केसांचा रंगाचा ब्रश, पारदर्शक बरणी, बरणीच्या तोंडाहून मोठा जाड पुठ्ठा, बारीक नळीची पाण्याची बाटली, डोक्याला बांधायची बॅटरी आणि डोळ्यांवर लावायचा चष्मा. बरण्या आणि झाकणाचे डबे इतवारीत हवे त्या मापाचे मिळतात, कोकोपीट कोणत्याही नर्सरीत. फक्त खत मिसळलेलं घेऊ नका. कोकोपीटची वीट भिजवून मोकळी करा, पिळून घ्या आणि मुठीत दाबल्यावर थेंब गळणार नाही इतकी सुकू द्या.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू मात्र दुकानात कोळ्यांच्या नावाने विकत नाहीत. ती म्हणजे कपडे भिजवायचा मोठा, उंच काठाचा टब. तो जमिनीवर ठेवा आणि प्रत्येक डबा त्याच्या आत ठेवूनच उघडा. याचं कारण टॅरंटुलाचं पोट. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं ते असतं आणि वरची कातडी पातळ. टेबलाच्या उंचीवरून फरशीवर पडला तर पोट फुटून मरतो. टबात उघडला तर निसटला तरी वीतभरच पडतो, आणि काठ गुळगुळीत असले की तुम्हाला बरणी टाकायला क्षणभर मिळतो. जमिनीवर राहणाऱ्या जातीच्या डब्यातही हाच हिशेब ठेवा: कोकोपीटपासून झाकणापर्यंतचं अंतर कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नको. उंच, ऐसपैस काचेची पेटी आपल्याला छान दिसते, त्याच्यासाठी ती धोक्याची.

उघडायची रीत एकच ठेवा. आधी बाहेरून बॅटरी मारून तो कुठे आहे ते बघा. झाकणाला आतून चिकटला असेल तर त्या दिवशी काम रद्द. बरणी आणि पुठ्ठा डाव्या हाताशी तयार, मगच झाकण. ब्रशने मागच्या पायांना हलकेच स्पर्श केला की तो पुढे सरकतो, त्याला बरणीकडे चालू द्या. ढकलू नका. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मी चार मिनिटांचं काम करायला वीस मिनिटं घेतो.

मांडणी वॉशिंग मशीन किंवा स्पीकर असलेल्या भिंतीला नको. कंपनं त्याला आपल्याहून कितीतरी जास्त जाणवतात.

पावसाळ्यात डब्यात मुंग्या शिरल्या आणि पांढरे बारीक किडेही झाले. काय करू? (त्रिमूर्तीनगर)

मुंग्यांवरचा उपाय आजीच्या काळातला. दुधा-साखरेच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, तसेच मांडणीचे पाय ठेवा. पाण्यात साबणाचे दोन थेंब घाला, म्हणजे मुंगी तरंगून पलीकडे जात नाही आणि डासही वाढत नाहीत. मांडणी भिंतीला टेकलेली नको, नाहीतर वाट्यांचा उपयोग शून्य. लक्ष्मणरेषेचा खडू ओढायचा मोह टाळा, कारण वर सांगितलंच आहे.

पांढरे किडे बहुधा माइट्स असावेत. उरलेलं खाद्य कुजलं की ते वाढतात. खाऊन टाकलेला चोथा दुसऱ्या दिवशी चिमट्याने उचला, कोकोपीट सगळं बदला, नवं कोरडंच राहू द्या आणि पाण्याची वाटी मात्र भरलेली ठेवा. घरातली झुरळं पकडून खायला घालू नका, ती कुठलं विष खाऊन आली असतील सांगता येत नाही. त्यापेक्षा मीलवर्म नावाच्या अळ्या द्या, त्या गव्हाच्या कोंड्यात, गाजराच्या एका तुकड्यावर सहज वाढतात.

सासूबाई घाबरतात, आणि मुलगा पाच वर्षांचा आहे. हातावर घ्यायला शिकवलं तर दोघांची भीती जाईल का?

ताई, हातावर घेऊ नका, घेऊ देऊही नका. कोळ्याला त्यातून काही मिळत नाही, पडला तर मरतो. शिवाय अमेरिका खंडातल्या जाती मागच्या पायांनी पोटावरचे खाजरे केस उडवतात. कातडीला खाज सुटते, चिकटपट्टी लावून केस काढले की ती कमी होते. डोळ्यात गेले तर मात्र चोळू नका, भरपूर पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. ते केस बुबुळात रुतून बसतात. रिकाम्या डब्यात आणि जुन्या कातीवरही ते असतात, म्हणून चष्मा सफाईच्या वेळीही लावायचा.

सासूबाईंसाठी कुलपाची मांडणी करा आणि किल्ली त्यांच्याकडे द्या. ते घर त्यांचंही आहे. मुलाला रात्री लाल कागद लावलेल्या बॅटरीने, हात न लावता बघायला शिकवा. कोळी पाण्याच्या वाटीवर वाकून पाणी पितो ते एकदा दिसलं की मूल तिथून हलत नाही.

ऑनलाइन एक जण कागद नसलेले कोळी कुरिअरने पाठवतो. घ्यावेत का? आपल्याच जंगलातला आणला तर?

दोन्ही नको. रेडनीची ब्रॅकिपेल्मा ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) सायटिस, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सायटिसमधले प्राणी अनुसूची ४ मध्ये आले. ते बाळगायचे तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. हस्तांतर, पिल्लं, मृत्यू यांचीही नोंद करायची असते. राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय आपल्याच शहरात सिव्हिल लाइन्सला आहे, शंका असेल तर लेखी विचारा. पहिल्या प्रश्नातल्या मनीषनगरच्या वाचकांनीही आपले कागद तपासावेत.

आपल्या देशी झाडकोळ्यांची, म्हणजे पोसिलोथेरियाची, अख्खी प्रजाती २०१९ मध्ये सायटिसच्या परिशिष्ट २ मध्ये गेली. त्यातला आंध्रचा निळा पोसिलोथेरिया मेटॅलिका १८९९ मध्ये गुत्तीच्या रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या नमुन्यावरून नोंदला गेला. आज तो पूर्व घाटातल्या चिमूटभर जंगलात उरला आहे. तिथून एक मादी उचलली की पुढची कित्येक वर्षांची पिल्लं गेली. मला त्याचं फार वाईट वाटतं. शिवाय हे कोळी विलक्षण चपळ असतात आणि त्यांच्या चाव्याने दिवसेंदिवस स्नायूंत गोळे येतात. नवशिक्याच्या टेबलावरचा हा प्राणी नव्हे.

माझी टॅरंटुला सकाळपासून पाठीवर उलटी पडली आहे. महिनाभर खात नव्हती. गेली का? घाईने कळवा.

गेलेली नाही, कात टाकते आहे. मेलेला कोळी सहसा पाय आत मुडपून उभ्यानेच राहतो. तिला हात लावू नका, पाणी फवारू नका, डबा हलवू नका. आत जिवंत किडा असेल आणि तिला न धक्का लावता निघत असेल तरच काढा. या अवस्थेत साधा मीलवर्मही तिला कुरतडू शकतो. काम काही तासांत, कधी पूर्ण दिवसात उरकतं.

नंतर तिचे दात पांढरे दिसतील, मग लालसर, मग काळे. काळे झाल्यावरच खायला द्या, मोठ्या कोळ्याला दहा-बारा दिवस सहज लागतात. आणि ती दूर गेली की कात चिमट्याने उचलून टेबलावर आणा. वाळायच्या आत कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब घालून पोटाकडचा चुरगळलेला भाग भिजवा, दोन ब्रशांनी उलगडा आणि वरच्या फुफ्फुसांच्या दोन पांढऱ्या खुणांच्या मध्ये भिंगाने बघा. तिथे पिशवीसारखी घडी दिसली तर ती मादी, आणि नीट सांभाळली तर वीस वर्षं तुमच्याकडे राहील. घडी नसेल तर तो नर असू शकतो. लहान पिल्लाच्या कातीवरून मात्र निकाल देऊ नका, पुढच्या कातीची वाट बघा. तारीख वहीत लिहून ठेवा.