द्वंद्व, संघर्ष की अंतर्विरोध?

प्रश्न असा आहे: टॉमस वायट (१५०३–१५४२) या इंग्रज कवीच्या ‘आय फाइंड नो पीस’ या सुनीतातली (चौदा ओळींच्या कवितेतली) मनःस्थिती मराठीत सांगताना ‘अंतर्विरोध’ म्हणावं, ‘आंतरिक संघर्ष’ की ‘द्वंद्व’? आणि त्यातल्या ‘जळतो आणि गोठतो’सारख्या जोड्यांचा अलंकार कोणता?

मी ‘द्वंद्व’ म्हणेन. ‘अंतर्विरोध’ आपण एखाद्याच्या युक्तिवादातली विसंगती दाखवताना वापरतो; त्यात चूक पकडल्याचा सूर असतो. ‘संघर्ष’ म्हटलं की कोण जिंकणार हा प्रश्न आलाच. तुकोबांच्या ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग’ला तो शब्द चपखल बसतो, कारण तिथे लढणं चालू आहे. वायट मात्र पहिल्याच ओळीत सांगतो की मला शांतता नाही, आणि माझं युद्ध तर संपलेलं आहे. लढाई उरली नाही, तरी जीव थाऱ्यावर नाही.

‘द्वंद्व’ म्हणजे मुळात जोडी. शीत-उष्ण, सुख-दुःख ही द्वंद्वं. समासातही तेच: ‘आईवडील’मध्ये दोन्ही पदं सारख्याच मोलाची, आणि फोड ‘आणि’ने होते. आता दुसरी ओळ पाहा: ‘भितो आणि आशा धरतो, जळतो आणि बर्फासारखा गोठतो.’ दोन्हीकडे ‘आणि’च आहे. कुठलीही बाजू दुसरीला मोडून काढत नाही, दोन्ही एकाच वेळी खऱ्या. म्हणून मला हा शब्द इतका पटतो.

अलंकार विरोधाभास. पण परीक्षेच्या उत्तरात नुसतं नाव लिहून थांबतात, त्याचं वाईट वाटतं. त्यातल्या ‘आभास’कडे लक्ष द्यायला हवं: विरोध दिसतो, पण अर्थ उलगडला की मावळतो. माणूस भीतीने गोठतो आणि आशेने जळतो, इतकं ध्यानात आलं की ओळ उलगडते. तिची मांडणीही बघण्यासारखी आहे. दोन टोकांना भीती आणि बर्फ, मध्ये आशा आणि आग. थंडीच्या कवचात ऊब कोंडलेली.

हे सुनीत मुळात चौदाव्या शतकातल्या इटालियन कवी पेट्रार्कचं, त्याच्या संग्रहातलं १३४वं. तिथे तो ‘मी बर्फ आहे’ म्हणतो, म्हणजे रूपक. वायटने ‘बर्फासारखा’ करून उपमा घेतली. मला पेट्रार्कचं रूपक जास्त बोचतं. ‘सारखा’ आला की बर्फ थोडा लांब जातो.

शेवटच्या ओळीत मात्र वायट पुढे गेला आहे. १५५७मध्ये टॉटल या प्रकाशकाच्या कवितासंग्रहात ही कविता छापली, तेव्हा तिला ‘प्रियकराच्या परस्परविरोधी भावनांचं वर्णन’ अशा अर्थाचं शीर्षक दिलं होतं. ते बरोबर आहे, पण त्या भावनांचं मूळ कुठे, हे त्यात येत नाही. पेट्रार्क ते थेट प्रियेकडे नेतो: बाईसाहेब, माझी ही दशा तुमच्यामुळे. वायट तिला हाकच मारत नाही. तो म्हणतो, या कलहाचं कारण माझा आनंदच आहे. तो आनंद म्हणजे ती, की तिच्यावर जडलेलं त्याचंच मन? मूळ शब्द ‘डिलाइट’ दोन्ही अर्थांना जागा देतो, म्हणून मी अनुवादात ‘माझा आनंद’ इतकंच ठेवेन, ‘माझी प्रिया’ करणार नाही.