कापसाच्या पऱ्हाट्यांच्या बायोचारमध्ये (कमी हवेत जाळून केलेल्या कोळशात) पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), ॲझोटोबॅक्टर (हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) मिसळून शेतात देता येईल का? पद्धत काय?

येईल. पण कोळसा भट्टीतून काढला, त्यावर जिवाणूंचं पाकीट ओतलं आणि शेतात फेकलं, असं केलंत तर पाकिटाचे पैसे गेले समजा. ताज्या बायोचारमधली राख अल्कधर्मी असते, सामू (पीएच) ९-१० पर्यंत जातो. जाळ नीट बसला नसेल तर डांबर राहतं. शिवाय कोरडा कोळसा आसपासचं पाणी आणि नत्र आधी स्वतःत ओढतो. जिवाणूंना त्यात राहायला जागा असते, खायला काही नसतं.

विक्रेते 'एका ग्रॅममध्ये इतके चौरस मीटर पृष्ठभाग' सांगतात, त्याला भुलू नका. त्यातली बरीच छिद्रं नॅनोमीटरची, जिवाणू मात्र एक-दोन मायक्रॉनचा. तो आत शिरतच नाही. कामाच्या असतात त्या लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या. म्हणून पीठ करू नका, २ ते ५ मिमीचे तुकडे ठेवा. फोडण्याआधी कोळसा ओला करा, नाहीतर भुकटी छातीत जाते.

तयार कोळशाची आधी परीक्षा घ्या. बोटांना लागलेलं काळं साध्या पाण्याने निघालं पाहिजे. साबण लागला तर डांबर आहे, तो माल पुन्हा भाजा. एक भाग कोळसा, पाच भाग आरओचं पाणी, तासाभराने पीएच पट्टी बुडवा. ८.५ च्या वर आला तर रात्रभर भिजवून ते पाणी काढून टाका. शंका असेल तर भिजवलेल्या कोळशात मूग टाकून उगवण बघा.

मग १० किलो कोळसा (कोरडा असतानाचं वजन) आणि १० किलो पूर्ण कुजलेलं, चाळलेलं गांडूळखत एकत्र करा. मूठ दाबल्यावर एखाद-दुसराच थेंब पडावा, इतकंच पाणी हळूहळू शिंपडा. आठवडाभर सावलीत ठेवा. ढिगात हात घालून बघा. गरम लागत असेल तर थांबा, त्या उष्णतेत पाकिटातले जिवाणू मरतात. थंड झाल्यावर २ लिटर विहिरीच्या पाण्यात (नळाचं क्लोरीनवालं नको) १०० ग्रॅम गूळ, पीएसबी आणि ॲझोटोबॅक्टरचं प्रत्येकी २५० ग्रॅमचं पाकीट कालवून शिंपडा. गूळ वाढवला तर आपले जिवाणू बाजूला राहतात आणि बुरशी माजते. १५ सेंमी जाडीचा थर, वर ओलं गोणपाट, दोन-तीन दिवसांनी उलथापालथ, ७ ते १० दिवस. मातीसारखा वास आला की झालं. आंबूस, कुजका वास म्हणजे पाणी जास्त झालं. पसरून हवा द्या.

ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) द्यायचा असेल तर वेगळा ढीग करा, ती बुरशी भराभर वाढते. त्याच ओळीत कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक टाकू नका, ट्रायकोडर्मा त्याला टिकत नाही. मायकोरायझा (मुळांसोबत राहणारी बुरशी) ढिगात वाढत नाही, त्याला जिवंत मूळ लागतं. तो लागवडीच्या वेळीच मिसळा. आणि हरभऱ्याचं रायझोबियम (मुळांच्या गाठीत नत्र धरणारे जिवाणू) बियाण्यालाच चोळा, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला!

भाजीपाला असेल तर रोपाच्या खड्ड्यात ५० ते १०० ग्रॅम. ओळीच्या पिकाला एकरी १००-२०० किलो, सरीत १० सेंमी खोल, वाफसा असताना, आणि लगेच मातीआड. वरवर फेकलेला कोळसा पहिल्याच जोरदार पावसात वाहून जातो. युरिया, डीएपी त्याच चरात नको. पेंडीमेथॅलिनसारखी जमिनीवरची तणनाशकं कोळसा धरून ठेवतो, म्हणजे त्या पट्ट्यात तण उठू शकतं.

तुमची जमीन चुनखडीची काळी असेल, सामू ८ च्या वर, तर प्रमाण कमीच ठेवा. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत राखेचाही फायदा होतो, तसा इथे होणार नाही. पहिल्या वर्षी चार पट्टे आखा: काहीच नाही, फक्त गांडूळखत-जिवाणू, फक्त गांडूळखत-कोळसा, आणि तिन्ही. दुसरा आणि चौथा सारखेच निघाले तर पुढच्या वर्षी भट्टी पेटवू नका, पऱ्हाट्या बारीक करून कंपोस्टला लावा.