बारा मीटरच्या रस्त्यात काय काय मावतं?

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या पदपथासाठी पुणे महापालिकेच्या नागरिक सहभाग अंदाजपत्रकात दोनदा अर्ज केला. एकदा फेटाळला, एकदा मंजूर झाला; पण काम झालंच नाही. चुकतंय कुठे?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नागरिकांनी सुचवलेली छोटी कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकात घेण्याची ही योजना पुण्यात २००६ पासून आहे. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घेतात आणि एका कामाची मर्यादा बरीच वर्षं ५ लाख रुपये राहिली आहे. अर्ज फेटाळला जातो तो बहुधा ताब्यामुळे. ले-आउटमधला, म्हणजे भूखंड पाडून वसवलेल्या वसाहतीतला रस्ता वापरात सगळ्यांच्या असतो, पण कागदावर महापालिकेकडे हस्तांतरित झालेला नसतो. अशा ठिकाणी महापालिका खर्च करू शकत नाही. म्हणून अर्जाआधी क्षेत्रीय कार्यालयात कनिष्ठ अभियंत्याला दोन गोष्टी विचारा : रस्ता ताब्यात आहे का, आणि विकास आराखड्यात, म्हणजे शहराच्या जमीनवापराच्या नकाशात, त्याची रुंदी किती.

दुसरी अडचण मोघमपणाची. 'पदपथ दुरुस्त करावा' या ओळीवरून खर्चाचा अंदाज बनत नाही. 'अमुक इमारतीच्या फाटकापासून चौकापर्यंत, डावी बाजू, ४० मीटर, रुंदी १.८ मीटर' असं लिहा, दोन फोटो आणि हाताने काढलेला नकाशा जोडा. दोन्ही बाजूंचा शंभर मीटर पदपथ ५ लाखांत सहसा बसत नाही. एकाच कामाचे तुकडे करून पाच अर्ज देऊ नका, ते एकत्र मोजले जातात. त्यापेक्षा एकट्याने उपयोगी पडेल असा भाग मागा : एक चौक, तिथले उतार, दुचाकी चढू नयेत म्हणून खांब.

मंजूर होऊन काम न होण्याचं कारण वेगळं. मार्चमध्ये अंदाजपत्रकाचं पुस्तक छापून येतं. त्यात तुमच्या कामाची ओळ आणि रक्कम शोधा. ओळ असूनही पैसे 'वर्गीकरणा'ने दुसऱ्या कामाकडे वळू शकतात, आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. जूनमध्ये पूर्वगणनपत्रक (खर्चाचा तपशीलवार अंदाज) झालं का, दिवाळीआधी निविदा निघाली का, हे विचारा. फेब्रुवारीत चौकशी करणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

प्रश्न : रस्त्याच्या नव्या रचनेसाठी सात सोसायट्यांची बैठक बोलावली, तर पार्किंगवरून भांडण झालं. शिवाय येतात तेच तेच दहाजण. रस्ता १२ मीटरचा आहे. बैठक घ्यावी तरी कशी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : 'तुम्हाला काय हवं?' असं विचारलं की सगळ्यांना सगळं हवं असतं. आधी मोजा, मग माणसं बोलवा.

मापन असं करा. दोघांनी टेप घेऊन दर १० मीटरला कुंपणापासून कुंपणापर्यंत रुंदी घ्यावी. कागदावरचे १२ मीटर जागेवर १०.५ निघाले तर भांडणाचं निम्मं मूळ तिथंच सापडतं. फाटकं, झाडं, विजेचे खांब, डीपी (विजेची वितरण पेटी), चेंबर, पाणी साचण्याच्या जागा टिपा. पाणी जूनमध्येच पाहावं लागतं. एप्रिलच्या नकाशात ते येत नाही. मग सकाळी ८, दुपारी १२ आणि संध्याकाळी ७ वाजता पंधरा-पंधरा मिनिटं पायी जाणारे मोजा. मुलं, ज्येष्ठ आणि ओझं घेतलेले वेगळे लिहा.

आता १:१०० या प्रमाणात नकाशा काढा. शंभर मीटर रस्ता एक मीटर लांब कागदावर येतो, रुंदी १२ सेंटिमीटर. पुठ्ठ्याच्या मोटारी कापा, साडेचार बाय पावणेदोन सेंटिमीटरच्या, आणि लोकांनाच मांडू द्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेनुसार निवासी भागात पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. दोन्ही बाजूंचे ३.६ आणि वाहनांच्या येण्याजाण्याचे ६ वजा केले की उरतात २.४ मीटर. म्हणजे पार्किंग एकाच बाजूला, समांतर. एका मोटारीला ६ मीटर लांबी धरली तर शंभर मीटरमध्ये १६ मोटारी. फाटकं आणि झाडं वजा जाता १२च्या आसपास. हा आकडा टेबलावर दिसल्याशिवाय तडजोड सुरू होत नाही. झाडं आणि खांबही याच पट्ट्यात, दोन मोटारींच्या मध्ये घ्या. पदपथावर घेतले तर १.८ मीटर कागदावरच राहतो.

पदपथाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. फाटकापाशी तो खाली उतरवू नका. मोटारीसाठीचा उतार पार्किंगच्या पट्ट्यात द्या. दर फाटकाला चढउतार लागला की आजोबा रस्त्यावरूनच चालणार, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

'तेच दहाजण' टाळायचे तर रविवारी सकाळच्या बैठकीवर विसंबू नका. हाच नकाशा दुधाच्या केंद्रावर, शाळेच्या फाटकाशी आणि घरकामाला येणाऱ्या बायकांच्या बसथांब्यावर अर्धा-अर्धा तास न्या. भाजीवाल्यांना वगळून काढलेला आराखडा महिनाभरही टिकत नाही, आणि कायद्यालाही ते धरून नाही : २०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार फेरीवाल्यांच्या जागांबाबत सल्ला देणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचेच असतात.

शेवटी कच्ची चाचणी. वॉर्ड कार्यालय आणि वाहतूक पोलिसांची लेखी परवानगी घ्या, फक्कीने खऱ्या मापाच्या रेषा मारा, शंकू ठेवा आणि शनिवार ते सोमवार राहू द्या. सोमवार यायलाच हवा. कचऱ्याची गाडी, शाळेची बस आणि टँकर तेव्हाच वळून दाखवतात. गणपतीचा मांडव कुठे बसेल तेही याच वेळी आखून घ्या, नाहीतर पुढच्या भाद्रपदात नवे पेव्हर ब्लॉक खणले जातील.

प्रश्न : शहराच्या प्रारूप विकास आराखड्यात आमच्या मैदानाचं आरक्षण बदललंय. २०० सह्यांचं निवेदन पुरेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सह्या जोडा, पण त्यांवर भिस्त नको. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली हरकती-सूचना मागवल्या जातात. मुदत जाहीर नोटिशीत छापलेली असते. छापील एकसारखी पत्रं सुनावणीत एका गठ्ठ्यात निकाली निघतात. दहा घरांनी दहा वेगळी कारणं लिहिलेली बरी. प्रत्येक अर्जात सर्व्हे किंवा नगर भूमापन क्रमांक, जुन्या आणि नव्या आराखड्यातलं आरक्षण आणि नेमका काय बदल हवा हे एका वाक्यात असावं. पोच घ्या, तिच्यावरच्या क्रमांकाशिवाय सुनावणीची नोटीस शोधणं अवघड जातं.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि राज्य सरकारने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ, अशी ती समिती. तिथे मिनिटं मोजकीच मिळतात, म्हणून एकाच माणसाला बोलू द्या आणि मैदानाचा आजचा वापर दाखवणारा एक नकाशा हातात ठेवा. हरकतींनी काही हलत नाही असं मानू नका : मुंबईचा फेब्रुवारी २०१५ चा प्रारूप आराखडा हरकतींच्या भडिमारानंतर एप्रिलमध्ये रद्द करावा लागला आणि सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला. समितीने शिफारस केली तरी अंतिम मंजुरी राज्य सरकारची, त्यामुळे पोच आणि अर्जाची प्रत मंजुरीचं राजपत्र निघेपर्यंत जपून ठेवा.