जंगलाचे आवाज आणि लाइट वापरून जे आर्ट करतात त्यात नक्की काय असतं?

पक्ष्यांचे आवाज लावायचे न् वर रंगीत लाइट मारायचे, एवढंच नसतं हो ते (तसलं रिसॉर्टवाले करतात). 'द ग्रेट अ‍ॅनिमल ऑर्केस्ट्रा' बघा, २०१६ मध्ये पॅरिसच्या कार्तिए फाउंडेशन या आर्ट म्युझियममध्ये पहिल्यांदा लागलं होतं. आवाज बर्नी क्राउस या अमेरिकन माणसाचे, हा आधी सिंथेसायझर वाजवायचा, मग माइक घेऊन जंगलात शिरला तो शिरलाच, ५००० तासांच्या वर रेकॉर्डिंग जमवलं. दृश्य भाग लंडनच्या युनायटेड व्हिज्युअल आर्टिस्ट्स या कलाकारांच्या ग्रुपचा.

अंधारी खोली, भिंतींवर आवाजाचा आलेख सरकत जातो, जाड आवाज खाली, बारीक वर, आणि मग दिसतं की बेडूक, किडे, पक्षी सगळे आपापली पट्टी धरून ओरडतात, एकमेकांच्या मधे फारसे येत नाहीत. मला हेच भारी वाटतं, नुसतं कानाने हे कळलंच नसतं.

क्राउसचाच एक किस्सा: कॅलिफोर्नियातल्या लिंकन मेडोमध्ये १९८८ ला रेकॉर्डिंग केलं, मग तिथली निवडक झाडं तोडली गेली, वर्षभराने परत गेला तर फोटोत जंगल तसंच, पण आलेख जवळजवळ कोरा, एक सुतारपक्षी टकटक करतोय आणि ओढ्याचं पाणी, बास.