शेजारच्या आजींच्या वाफ्यातले जुने आयरिस कसे ओळखावेत

तुम्ही लिहिले आहे की न्यू जर्सीतल्या तुमच्या शेजारच्या आजी घर सोडून मुलीकडे राहायला निघाल्या आहेत, त्यांनी आपला आयरिसच्या फुलझाडांचा वाफा तुम्हाला देऊ केला आहे, बहुतेक पाट्या पुसल्या गेल्या आहेत आणि मोबाइलवरचे अ‍ॅप एकाच फुलाला दर वेळी निराळे नाव देते. माझा आग्रह एवढाच, की नाव सर्वांत शेवटी द्यावे. चुकीचे नाव एकदा चिकटले की ते गड्ड्यांबरोबर चार बागांत पोहोचते आणि खरा वाण हरवल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

पहिला पुरावा म्हणजे स्वतः आजी. त्यांच्याजवळ बसून वाफ्याचा नकाशा काढा, कोणते रोप कोणी दिले आणि साधारण कधी लावले ते विचारा, जुने कॅटलॉग किंवा पावत्या असतील तर मागून घ्या. एखादे रोप 1955 पासून तिथे असल्याचे नक्की झाले, तर त्यानंतर बाजारात आलेले सगळे वाण आपोआप बाद होतात. सापडलेल्या पाटीवरही लगेच विसंबू नका. आयरिसचे गड्डे हळदीसारखे आडवे वाढत सरकतात, जोमदार वाण शेजारच्या दुबळ्याला झाकून टाकतो, बोंडांतले बी तिथेच रुजते आणि पाटी मात्र जागच्या जागी राहते. अशा आपोआप उगवलेल्या रोपाला नाव कधी नव्हतेच, हीही शक्यता मनात ठेवा.

फुले आल्यावर रंगापेक्षा बाकीच्या खुणा आधी टिपा, कारण जांभळा रंग फोटोत हमखास फसवतो. दांड्याची उंची, फांद्या, कळ्यांची संख्या, दाढीचा, म्हणजे खालच्या पाकळ्यांवरच्या केसाळ पट्ट्याचा रंग, पानांच्या बुडाशी असलेली जांभळी छटा, वास आणि पहिले फूल उमलल्याची तारीख, हे सारे वहीत हवे. कळीभोवतीचे आवरण तर मी सर्वांत आधी पाहतो. फूल उमलताना ते पूर्ण वाळलेले, रुपेरी आणि पातळ कागदासारखे असेल व फुलाला द्राक्षांचा वास येत असेल, तर ते आयरिस पॅलिडा या जातीचे किंवा तिच्या जवळचे रोप असण्याचा संभव मोठा आहे. आयरिस जर्मॅनिका या दुसऱ्या जातीच्या आवरणाचा खालचा भाग तेव्हाही हिरवा, बहुधा जांभळट असतो.

वयाचा अंदाज आकारावरून येतो. जुनी फुले लहान असतात, खालच्या पाकळ्या अरुंद आणि सरळ खाली लोंबणाऱ्या असतात व गळ्याशी शिरा ठळक दिसतात. दाट चुणीदार कडा, किंवा गुलाबी फुलात केशरी दाढी दिसली, तर ते रोप बहुधा 1940 नंतरचे समजावे.

तुमच्या भागातल्या जुन्या बागांत काही नावे आधी ताडून पाहण्याजोगी आहेत: पिवळ्या-तपकिरी फुलांचे बुटके ‘ऑनोराबिल’ (1840), पांढऱ्या पाकळ्यांना निळी किनार असलेले ‘मादाम शेरो’ (1844), पेनसिल्व्हेनियातले संकरकार बर्ट्रंड फार यांचे धुरकट ‘क्वेकर लेडी’ (1909) आणि वरच्या पाकळ्या पांढऱ्या, खालच्या गडद जांभळ्या असलेले ‘वॉबॅश’ (1936), ज्याला 1940 मध्ये आयरिसच्या उत्तम वाणाला दिले जाणारे डाइक्स पदक मिळाले.

1920 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन आयरिस सोसायटीच्या नोंदींत वर्णने सापडतात, पण जुनी वर्णने इतकी त्रोटक आहेत की एकेक वर्णन अनेक फुलांना लागू पडते. म्हणून मे महिन्याच्या उत्तरार्धात वही घेऊन न्यू जर्सीतल्याच माँटक्लेअरच्या प्रेस्बी आयरिस उद्यानात जा. ते 1927 पासूनचे आहे आणि तिथे जुने वाण पाटीसकट जिवंत पाहायला मिळतात. दांडा, आवरण, दाढी, वास, सगळे जुळले तरच नाव लिहा. एवढे जुळत नसेल तर ‘कुंपणाजवळचे पिवळे’ हेच नाव प्रामाणिक आहे.

गड्डे जुलै-ऑगस्टमध्ये हलवा. उपटण्यापूर्वी प्रत्येकाच्या पानावरच न पुसणाऱ्या मार्करने नकाशातला क्रमांक लिहा आणि प्रत्येक वाणाचा एक गड्डा दुसऱ्या कोणाच्या तरी बागेत ठेवायला द्या, म्हणजे तुमच्याकडचा कुजला किंवा बोअर अळीने पोखरला तरी वाण राहील.