हात बसायला किती चवथी लागतात?

गोव्यातील फोंड्यात माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पालकांनी मला सर्वांत अधिक वेळा विचारलेला प्रश्न परीक्षेतील गुणांचा नाही. "हे याच्या रक्तातच नाही का, बाई?" हा तो प्रश्न. कधी तो पोहण्याबद्दल असतो, कधी तबल्याबद्दल, कधी फुटबॉलबद्दल. गेल्या शिगम्यानंतर महिनाभरात चार घरांनी तो विचारला. त्यांपैकी एका घराची हकिकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे सांगते.

आजोबा पंचक्रोशीत नावाजलेले घुमटवादक होते (घुमट म्हणजे दोन तोंडांच्या मडक्याच्या एका तोंडावर चामडे ताणलेले वाद्य) आणि वडीलही चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरतीच्या पथकात पुढच्या रांगेत बसणारे. अकरा वर्षांचा मुलगा, घरात सगळे त्याला बाबू म्हणत, दीड वर्ष शिकत होता, तरी हात बसत नव्हता. धाकटी बहीण मात्र नुसती शेजारी बसून ठेका उचलत होती. वडिलांनी माझ्यासमोर एक जाहिरात ठेवली. मुलाची लाळ पाठवल्यास त्याचे उपजत गुण कळवणारी ती जनुकचाचणी होती. "पैसे भरण्यापूर्वी तुम्हाला विचारावे म्हटले," ते म्हणाले.

मी आधी साधी चौकशी केली. शर्टाची बटणे, बुटांची नाडी, सायकल, अक्षर, डब्यातले सांडणे. शाळकरी वयातील सुमारे 5 ते 6 टक्के मुलांना हालचालींच्या समन्वयाची खरीखुरी अडचण असते आणि ती रोजच्या अशा कामांत दिसते. तशी दिसली तर रक्ताची चर्चा बाजूला ठेवून मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. बाबूच्या बाबतीत तसे काही नव्हते. माझ्याशी बोलताना तो टेबलावर बोटांनी ठेका धरत होता, आणि तो ठेका चुकत नव्हता.

चाचणीविषयी माझे मत मी स्पष्ट सांगितले. अशा जाहिरातींत एसीटीएन-3 हे जनुक हमखास असते. ते स्नायूंच्या वेगवान तंतूंतील एका प्रथिनाशी संबंधित आहे, आणि ते प्रथिन मुळीच तयार न होणारी माणसे जगात एक अब्जाहून अधिक आहेत. स्नायूचा वेग म्हणजे हाताचे शिकणे नव्हे. क्रीडावैद्यक आणि जनुकशास्त्रातील तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने 2015 मध्येच लेखी सांगितले आहे की मुलांमधील गुण हेरण्यासाठी या चाचण्या वापरू नयेत.

"मग रक्ताचा काहीच संबंध नाही म्हणता?" त्यांच्या आवाजात सुटकेपेक्षा निराशाच अधिक होती, कारण घराण्याचा अभिमान त्याच रक्तावर उभा होता.

संबंध आहे, आणि तो नाकारून पालकांना खोटा धीर देणे मला पटत नाही. अडचण अशी की तुमच्या वडिलांनी तुम्हाला जनुकेही दिली आणि भिंतीवरचे घुमटही दिले. एकाच घरात पाहून या दोहोंचा हिशेब वेगळा करता येत नाही. म्हणूनच वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास मोलाचा ठरतो. अमेरिकेत मिनेसोटा येथे 1979 पासून अशी जुळी शोधली गेली, आणि 1996 मध्ये त्यांच्यावरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. फिरत्या तबकडीवरील ठिपक्यावर हातातल्या कांडीचे टोक धरून ठेवायचे, एवढेच काम. सरावाने माणसे सुधारली, पण त्यांच्यांतील फरकांत अनुवंशाचा वाटा मोठा निघाला आणि सरावानंतरही तो मोठाच राहिला.

"म्हणजे रक्तातच असते," वडील म्हणाले.

येथे बहुतेक पालक अडखळतात, म्हणून मी या मुद्द्यावर नेहमी थोडा जास्त वेळ घेते. अनुवंशाचा वाटा हा अनेक माणसांमधील फरकांचा हिशेब असतो. एका मुलाच्या हातात किती टक्के आजोबा आहेत, हे तो सांगत नाही, आणि हा हात कुठवर जाईल हेही सांगत नाही. मेंदूच्या जडणघडणीला मदत करणाऱ्या बीडीएनएफ या प्रथिनाच्या जनुकाचा एक प्रकार असलेल्या लोकांत, बोटांच्या थोड्या सरावाने मेंदूच्या हालचाल-नकाशात (मेंदूचा कोणता भाग कोणता अवयव हलवतो, त्या मांडणीत) होणारा बदल कमी दिसतो, असे 2006 मध्ये आढळले होते. पुढे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनेक दिवसांच्या कसून सरावानंतर तो फरक पुसला गेला. थोडक्या सरावावर मुलाची पारख करणाऱ्या प्रत्येक घराला मी हे सांगते.

तरीही हे सारे ऐकून बाबूचा हात सुटणार नव्हता. पुढच्या भेटीला मी घुमट घेऊन येण्यास सांगितले. पाऊस सुरू झाला होता. घुमट जुन्या साडीत गुंडाळून आणले होते आणि सोबत आजीही आल्या होत्या. मडके आजोबांचे, चामडे मात्र नवे, बकरीचे. पूर्वीची घोरपडीची चामडी आता कायद्याने बंद आहे. बाबूने मांडी घातली. उजव्या हाताची बोटे चामड्यावर बिनचूक पडत होती. मागच्या उघड्या तोंडावरचा डावा तळवा मात्र, जेथे उघडून नाद सोडायचा, नेमका तेथेच चिकटून राहत होता. दुसऱ्या वेळी मी मुलाकडे न पाहता वडिलांकडे पाहिले. चूक होण्याच्या क्षणभर आधी त्यांच्या जिभेचा बारीकसा 'च्' असा आवाज येत होता. तळवा त्या आवाजाला थिजत होता.

मी काही बोलणार तोच आजी कोकणीत जे म्हणाल्या त्याचा अर्थ असा: "हा आवाज माझ्या घोवाचा, नवऱ्याचा. त्या आवाजापायी हा माझा मुलगा तीन चवथी घरात घुमटाला शिवला नाही. शेजारच्या पडवीत जाऊन शिकला."

वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मुलाकडे न पाहता एवढेच विचारले, "मी असा आवाज करतो?" बाबूने होकारार्थी मान हलवली.

गेली अनेक वर्षे मी घराकडे एक जिवंत रचना म्हणून पाहत आले आहे, आणि त्या दिवशी माझा हा कल मला पुन्हा एकदा योग्य वाटला. रक्तातून काय आले याचा शोध घेत आलेल्या या घरात पिढीजात उतरलेली सर्वांत ठळक गोष्ट तो आवाज होता, आणि तो कोणत्याही जनुकचाचणीत सापडला नसता. धाकटीचा हात लवकर चालत होता, यात तिच्या जन्मजात देणगीचा भाग असेलही. पण तिच्यासमोर कोणी परीक्षक बसत नव्हता, हे आम्ही कोणीच मोजले नव्हते.

त्यानंतर जे ठरवले ते अगदी साधे होते. आठवड्यातून एकदा दोन तास बसवण्याऐवजी रोज पंधरा मिनिटे, कारण विभागलेला सराव आणि मधल्या रात्रींची झोप हाताला अधिक टिकाऊ शिकवतात. सराव पडवीत, वडील आतल्या खोलीत. चूक झाली तरी आवर्तन मध्ये थांबवायचे नाही. तुलना बहिणीशी नव्हे, तर गेल्या महिन्यात मोबाईलवर ध्वनिमुद्रित केलेल्या स्वतःच्याच वादनाशी. आणि वडिलांनी आपल्या तीन चवथींची गोष्ट त्याला स्वतःच्या तोंडून सांगायची. ती सांगायला त्यांना पंधरा दिवस लागले.

चवथीला बाबू माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या छताखाली, मागच्या रांगेत बसला, दोन आरत्या नीट वाजवल्या आणि तिसरीत भरकटला, पण थांबला नाही. वडिलांनी त्या रात्री घुमट घेतलेच नव्हते, ते कासाळे, म्हणजे मोठ्या झांजा, घेऊन बसले होते. कासाळ्यांच्या आवाजात जिभेचा आवाज ऐकू जात नाही, असे नंतर त्यांनीच मला हसत सांगितले.