वाचकांचे प्रश्न : सोळा वर्षांनी पुन्हा जहाजावर

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. २०१० साली मुलगी चार वर्षांची असताना आम्ही तिघे फ्लोरिडातील पोर्ट कॅनाव्हरल बंदरातून ‘डिस्ने वंडर’ या जहाजाने चार रात्रींची बहामाजची सफर करून आलो. त्यानंतर नोकऱ्या, घर, मुलाचा जन्म यांत तसा प्रवास पुन्हा झालाच नाही. आता मुलगी वीस वर्षांची असून महाविद्यालयात आहे आणि मुलगा नऊ वर्षांचा आहे. पुण्याहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत, आणि नोकरीसाठीच्या एच-१बी व्हिसावर असलेला माझा धाकटा भाऊही सोबत यायचे म्हणतो. मुलीला नाताळची थीम असलेली सफर हवी आहे, मुलाला मार्व्हलचे वीर पाहायचे आहेत, आणि आम्हा दोघांना तेच जुने जहाज, तोच मार्ग पुन्हा अनुभवावासा वाटतो. सुरुवात कोठून करावी? — एक वाचक, एडिसन

उत्तर : आपल्या पत्रात भर जहाज, थीम आणि आठवणी यांवर आहे आणि भावाच्या व्हिसाचा उल्लेख केवळ ओझरता. नियोजन करताना हा क्रम उलटा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सात माणसांची ही सफर मोडलीच, तर ती थीम चुकल्यामुळे मोडणार नाही. परतीच्या वेळी एका माणसाला अमेरिकेत प्रवेश मिळाला नाही, तर मात्र तिची आठवणही कोणाला नकोशी होईल.

आपण चौघे अमेरिकेचे नागरिक असाल, तर अमेरिकेच्या एकाच बंदरातून निघून तेथेच परतणाऱ्या सफरीला नियमानुसार जन्मदाखला आणि मोठ्यांसाठी सरकारी ओळखपत्र पुरते. तरीही सर्वांचे पासपोर्ट काढून ठेवावेत, कारण मधल्या एखाद्या बंदरातून आजारपणामुळे विमानाने परतावे लागले, तर जन्मदाखल्यावर विमानात बसता येत नाही. आई-बाबांचा पर्यटक व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा आणि परतीच्या दिवशीही वैध असलेला हवा. जहाज बहामाजला गेले म्हणजे ते अमेरिकेबाहेर गेले आणि परतताना त्यांचा नव्याने प्रवेश होणार, हे त्यांनाही आधीच समजावून सांगावे, म्हणजे अधिकाऱ्याच्या प्रश्नांनी ते गोंधळणार नाहीत.

खरी अडचण आपल्या भावाची असू शकते. त्याच्या पासपोर्टवरील एच-१बी व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली असेल आणि हाती केवळ मुदतवाढीच्या मंजुरीचा कागद, म्हणजे आय-७९७, असेल, तर त्याने या सफरीला निघू नये. संपलेल्या शिक्क्यावर परत येण्याची जी सवलत लोकांच्या बोलण्यात असते, ती एच-१बी धारकांना कॅनडा आणि मेक्सिकोच्या तीस दिवसांपर्यंतच्या भेटीपुरती आहे. बहामाजसारख्या बेटांसाठी ती त्यांना लागू नाही. शिक्का वैध असेल तर चिंता नाही. थोडीशीही शंका असेल, तर भाडे भरण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा. आई-बाबा आणि भाऊ यांच्या भारतीय पासपोर्टवर वाटेतल्या प्रत्येक देशात कोणत्या अटीवर प्रवेश मिळतो, हेही त्या देशाच्या दूतावासाकडून लेखी विचारून घ्यावे. दलालाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

आता जहाज. २०१० मध्ये डिस्ने कंपनीकडे ‘मॅजिक’ आणि ‘वंडर’ अशी दोनच जहाजे होती. त्यानंतर ‘ड्रीम’ २०११ मध्ये, ‘फँटसी’ २०१२ मध्ये, ‘विश’ २०२२ मध्ये, ‘ट्रेझर’ २०२४ मध्ये आणि ‘डेस्टिनी’ २०२५ मध्ये आले. आपले ‘वंडर’ २०११च्या सुरुवातीला पश्चिम किनाऱ्यावर गेले आणि अलीकडे त्याचे उन्हाळे व्हँकुव्हरहून अलास्काच्या फेऱ्यांत जातात. त्यामुळे तेच जहाज आणि तोच मार्ग असा योग आपल्याला जुळवता येणार नाही. मला याचे फारसे वाईट वाटत नाही. त्या वेळी आपण तिघे होतात आणि आता सात जण आहात, तेव्हा जहाजही या सात जणांच्या सोयीचे हवे. मार्व्हलच्या वीरांचा ओढा असलेल्या मुलासाठी ‘डेस्टिनी’ योग्य वाटते, कारण त्याची सजावटच वीर आणि खलनायक या कल्पनेवर आधारलेली आहे. ते फोर्ट लॉडरडेलहून चार-पाच रात्रींच्या फेऱ्यांवर निघते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सर्व जहाजांवर नाताळची सजावट आणि कार्यक्रम असतात, त्यामुळे बहीण-भावाच्या दोन्ही इच्छा एकाच सफरीत पुऱ्या होऊ शकतील.

तारीख निवडताना डिसेंबरचे पहिले दोन आठवडे स्वस्त म्हणून सुचवले जातात, आणि ३० नोव्हेंबरला चक्रीवादळांचा अधिकृत हंगामही संपलेला असतो. परंतु तेच आठवडे आपल्या मुलीच्या सत्रअखेरीच्या परीक्षेचे असतील. परीक्षा संपताच आणि नाताळचा आठवडा सुरू होण्यापूर्वी निघणारी फेरी मिळाली, तर थोडे जास्त भाडे देऊनही ती घ्यावी. अशा लोकप्रिय फेऱ्यांचे भाडे केबिनी भरत जातील तसे बहुधा वाढते; शेवटच्या क्षणी स्वस्त मिळेल या आशेवर सात जणांची एकमेकांलगतची केबिने मिळत नाहीत.

आपल्या जुन्या सफरीचा एक लाभ मात्र आपल्याला ठाऊक नसावा. एक सफर पूर्ण केलेला प्रवासी कंपनीच्या ‘कॅस्टअवे क्लब’चा सिल्व्हर सभासद होतो आणि ते सभासदत्व इतक्या वर्षांनीही टिकते. प्रथमच जाणाऱ्यांना जहाजावरील विशेष भोजने आणि सहली ७५ दिवस आधी राखून ठेवता येतात. आपल्याला ९० दिवस आधी. जुना ई-मेल पत्ता बदलला असेल, तर दूरध्वनी करून जुनी नोंद नव्या खात्याशी जोडून घ्यावी. मुलीची नोंदही विसरू नये. २०१० मध्ये ‘पालो’ या फक्त अठरा वर्षांवरील प्रवाशांसाठी असलेल्या भोजनगृहात तिला सोडून आपण दोघे जेवलात की नाही, हे मला माहीत नाही, पण या वेळी ती आपल्या शेजारी बसू शकेल, आणि त्या एका संध्याकाळसाठी नव्वदावा दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवण्यासारखा आहे.

एक बदल आपल्याला लगेच जाणवेल. तेव्हा दिवसभराच्या कार्यक्रमांचे छापील पत्रक केबिनमध्ये मिळत असे. आता कार्यक्रम, बंदरावर येण्याची वेळ आणि आपसातले निरोप हे सारे मोबाईलच्या ॲपवर असते. आई-बाबांच्या फोनवर ते घरीच बसवून, निरोप कसा पाठवायचा याचा सराव करून घ्यावा. आणि विमानाने आदल्या दिवशीच फ्लोरिडात पोहोचावे. माझ्या परिचयातील एक कुटुंब त्याच सकाळच्या विमानाने निघाले, विमान चार तास रखडले आणि त्यांनी जहाज धक्क्यावरून सुटताना टॅक्सीतून पाहिले.

प्रश्न : मी ७१ वर्षांची असून सांगलीला राहते. मुलगा-सून मला जुलैत अशाच जहाजावर नेणार आहेत. मी शाकाहारी आहे, चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही. मला मधुमेह आहे आणि बोट लागण्याची भीती वाटते. माझ्यामुळे त्यांचा आनंद तर जाणार नाही ना? — एक आजी

उत्तर : आजी, आपल्या जेवणाची सोय होईल, फक्त ती आधी सांगावी लागेल. कांदा-लसणाविना शाकाहारी जेवण हवे, अशी नोंद सुनेने आरक्षण करतानाच करावी आणि पहिल्या रात्री वाढणाऱ्याला पुन्हा सांगावी. या जहाजांवर दर रात्री भोजनगृह बदलते, पण वाढणारी माणसे तीच आपल्याबरोबर येतात. त्यामुळे पहिल्या रात्री नीट सांगितले की पुढे रोज समजावत बसावे लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी काय खायचे तेही आदल्या रात्रीच ठरवता येते. जेवणाच्या दोन पाळ्या असतात, एक पावणेसहाच्या सुमाराची आणि दुसरी सव्वाआठची. आपल्या गोळ्यांच्या वेळा पाहता पहिली पाळी मागून घ्यावी.

घरचे लाडू-चिवडा मात्र सोबत नेता येणार नाहीत. कारखान्यात बांधलेली, न उघडलेली पाकिटेच जहाजावर चालतात. विजेची किटली, समई, उदबत्ती हेही चालत नाही. बोट लागू नये म्हणून मुलाला जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवरची केबिन घ्यायला सांगावे, कारण तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. सीलबंद आलेपाक जवळ ठेवावा आणि बोट लागण्याची गोळी आपल्या औषधांबरोबर चालेल का, ते येथूनच डॉक्टरांना विचारून यावे. औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत असावी. मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोहोचायला कधी कधी संध्याकाळ होते. जहाजावर दवाखाना असतो, पण त्याचे पैसे वेगळे पडतात. म्हणून आपला प्रवास विमा समुद्रावर आणि बहामाजमध्ये लागू आहे का, आणि आधीपासूनचा मधुमेह त्यात धरला आहे का, हे मुलाने विम्याच्या कागदांत स्वतः वाचून पाहावे. जुलै हा वादळांच्या हंगामातला महिना आहे. कप्तानाने मार्ग बदलला तर घाबरू नये, तो वादळाला वळसा घालण्यासाठीच बदललेला असतो.

‘कॅस्टअवे के’ या कंपनीच्या बहामाजमधील खासगी बेटावर जहाज थेट धक्क्याला लागते, लहान होडीत उतरावे लागत नाही. तेथे किनाऱ्यापर्यंत ट्राम आहे आणि वाळूवर चालणारी चाकांची खुर्चीही मिळते. एका संध्याकाळी सगळे नटून जेवायला येतात. त्या दिवसासाठी एक चांगली साडी जरूर न्यावी.

प्रश्न : अमेरिकेचा व्हिसा नसताना मुंबईहून मुलांना अशा सफरीला नेता येईल का?

उत्तर : येईल. याच कंपनीचे ‘डिस्ने ॲडव्हेंचर’ हे जहाज सिंगापूरहून तीन आणि चार रात्रींच्या सफरी करते. वाटेत कोणतेही बंदर नाही, सारा वेळ समुद्रावरच जातो. सिंगापूरचा व्हिसा मात्र काढावा लागेल, आणि जहाजावरून परतल्यावर सिंगापुरात पुन्हा प्रवेश होणार असल्याने तो एकाहून अधिक प्रवेशांचा आहे, याची खात्री आरक्षणापूर्वी करून घ्यावी.